विश्वासाचा खर्च

निवृत्त झाल्यापासून मला ख्रिस्ती मंडळ्यांच्या महिला सभांना बोलावणं येतं. विषय बहुधा ठरलेला असतो: ‘संकटात विश्वास कसा टिकवावा’. पत्रिका छापलेली असते, वीस मिनिटं दिलेली असतात, आणि बोलून झाल्यावर नारळ-शाल असते. माझ्या बोलण्याने संयोजिका जरा नाराज होतात, हे मला आता ठाऊक झालंय. त्यांना साक्ष हवी असते. संकट आलं, गुडघे टेकले, प्रभूने वाट काढली, हालेलुया. मी मात्र नर्स. माझी उमेदीची वर्षं सगळी नोंदी ठेवण्यात गेली. ताप किती, नाडी किती, सलाईन किती गेलं, लघवी किती झाली, रात्री कोण रिलीव्हर होतं. त्यामुळे विश्वासाची गोष्ट निघाली की मला आधी हिशेब आठवतो. अमक्याचा विश्वास टिकला, ठीक. पण त्या काळात त्याच्या घरचं दुधाचं बिल कोण भरत होतं?

माझे वडील सातारा जिल्ह्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. आठवडाभर बाराखडी शिकवायची आणि रविवारी उपदेश करायचा, अशी त्या काळची दुहेरी नोकरी. पगार एकच. सातारा आणि वाईकडचं काम अमेरिकन मराठी मिशनचं, तर सांगली, मिरज, कोल्हापूर, इस्लामपूर हा भाग प्रेसबिटेरियन मिशनचा. दोन्ही अमेरिकेतूनच आलेले, तरी आमची जुनी माणसं ‘त्यांच्यातले’ आणि ‘आपल्यातले’ असा भेद अगदी चवीने करायची. 1924 मध्ये दोन्ही परंपरा एका संयुक्त चर्चमध्ये आल्या आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा दोन्ही त्यात गेल्या. तरीही माझं लग्न साताऱ्याहून सांगलीकडे ठरलं तेव्हा आमच्या एका आत्याने विचारलंच, “ते लोक प्रेसबिटेरियन ना गं?”

नर्सिंग मी मिरजेत शिकले. मिरजेचं मिशन हॉस्पिटल म्हणजे डॉ. विल्यम वॉनलेस यांचं. ते मूळचे कॅनडाचे. 1889 मध्ये इकडे आले, आधी सांगलीत दवाखाना चालवला आणि 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं. तीन वर्षांनी तिथेच वैद्यकीय शाळाही सुरू झाली. पुढे सरकारने त्यांना ‘सर’ केलं, आणि सांगली-मिरजेच्या मधल्या वस्तीला लोक आजही वॉनलेसवाडी म्हणतात. त्यांच्या पहिल्या पत्नी मेरी यांच्या नावाचं रुग्णालय कोल्हापुरात आहे. आम्हाला विद्यार्थिनी असताना हा इतिहास पाठ करावा लागे. पण माझ्या मनात त्यातली एकच गोष्ट रुजली. हे डॉक्टर शस्त्रक्रियेआधी प्रार्थना करायचे आणि मग हात धुऊन सुरी घ्यायचे. दोन्ही. यातलं एक केलं की दुसरं माफ, असं नव्हतं.

रोग्यांनाही ते ‘दोन्ही’ बरोबर कळायचं. जत, अथणीकडून, पार विजापूरकडून माणसं रेल्वेने यायची. मिरजेत उतरल्यावर आधी मीरासाहेबांच्या दर्ग्यात माथा टेकायचा आणि मग आमच्या ओपीडीत नंबर लावायचा. मनगटाला दोरा, गळ्यात तुळशीची माळ आणि उशाशी आमच्या लोकांनी दिलेलं शुभवर्तमान, अशी खाट मी कितीदा तरी आवरली आहे. सकाळी वॉर्डात छोटी उपासना व्हायची. आम्ही पोरी पेटीवर गीत म्हणायचो, कोपऱ्यातल्या खाटेवरचे वारकरी आजोबा टाळ नाही म्हणून लोखंडी खाटेवर बोटाने ठेका धरायचे. कुणी कुणाचा धर्म विचारत नव्हतं असं मी म्हणणार नाही. विचारत होते, केस पेपरवर रकाना होता. पण त्यावरून कुणाचं बेडपॅन थांबलं नाही.

पहिली नेमणूक जळीत रुग्णांच्या वॉर्डात झाली. ज्यांनी तो वॉर्ड पाहिलेला नाही त्यांना सांगून कळणार नाही, आणि ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायची गरज नाही. बहुतेक तरुण बायका. जबाब बहुधा एकच: स्टोव्हचा भडका उडाला. आम्ही ड्रेसिंग करायचो, ओलं कापड हळूहळू सोडवायचो, आणि पोलीस जबाब घेऊन गेले की ती बाई पुन्हा छताकडे बघत पडायची. एका मुलीसाठी मी खूप प्रार्थना केली. वयाने माझ्याएवढीच होती. चौथ्या-पाचव्या दिवशी बोलायला लागली, भाकरी मागितली, मला वाटलं ऐकलं देवाने. मग जंतुसंसर्ग वाढला आणि ती पहाटे गेली. तिची आई मला म्हणाली, “सिस्टर, तुम्ही लई केलंसा.” मला त्या बाईकडे बघवेना.

त्यानंतर बरेच महिने मला प्रार्थना जमली नाही. उपासनेत उभी राहायचे, ओठ हलायचे, आत काही नाही. कुणी सांगितलं ईयोब वाच. वाचला. त्यात मला ईयोबापेक्षा त्याचे मित्र ओळखीचे वाटले. सात दिवस गप्प बसले तोवर चांगली माणसं होती. तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं. मला धरून ठेवलं ते वॉर्डातल्या मावशींनी. त्या फरशी पुसता पुसता मोठ्याने देवाशी भांडायच्या. अगदी नाव घेऊन, ‘ह्या पोरीचं काय केलंस तू’ असं. शास्त्र त्यांना वाचता येत नव्हतं. पण स्तोत्रसंहितेतलं 88 वं स्तोत्र मी पुढे नीट वाचलं तेव्हा कळलं की त्या जे करत होत्या ते शास्त्रात आहेच. त्या स्तोत्राच्या शेवटच्या ओळीपर्यंत अंधारच आहे. कुठेही दिलासा नाही. ज्यांनी कुणी शास्त्राचं संकलन करताना ते गाळलं नाही, त्यांचे मी आजही आभार मानते.

आता खर्चाकडे येते, कारण मला खरं सांगायचंय ते हे.

साताऱ्यात वाढलेल्या ख्रिस्ती मुलीला रेव्हरंड टिळकांचं नाव दुधाबरोबर मिळतं. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांची भजनं आम्ही दर रविवारी म्हणतो. 1917 मध्ये, पंचावन्नी उलटून गेल्यावर, त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा येशूला मानणाऱ्या सगळ्यांचा एक बंधुभाव असावा, ही त्यामागची कल्पना. दोनच वर्षांनी, 9 मे 1919 ला ते गेले. मंडळीत ही गोष्ट सांगताना वक्त्यांचा आवाज भरून येतो: बघा, केवढा विश्वास, उद्याची चिंता नाही!

उद्याची चिंता होती. ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई करत होत्या. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्यांना माहेरच्यांच्या आधाराने वर्षं काढावी लागली. पुढे त्या टिळकांकडे परतल्या आणि 1900 मध्ये स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1936 या काळात प्रसिद्ध झाली आणि मराठीतलं एक थोर आत्मचरित्र म्हणून त्याचं कौतुक होतं, त्यातल्या विनोदाचं तर फारच. मी ते पुस्तक नर्सच्या नजरेने वाचते. हातात आलेले पैसे देऊन टाकणारा नवरा, न सांगता जेवायला आणलेले पाहुणे, आणि चुलीपुढे बसलेली बाई. तिने त्याचा विनोद केला, कारण दुसरं काय करणार होती? टिळक मोठे होतेच, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण त्यांचा विश्वास ज्या घरात राहत होता त्या घराचं भाडं दुसरं माणूस भरत होतं, एवढं तरी म्हणायला हवं. आमच्या घरी वडील उपदेशात ‘आकाशातली पाखरं बघा’ सांगायचे तेव्हा आई मागच्या बाकावर बसून महिनाअखेरचं ज्वारीचं गणित करायची. ती अविश्वासू नव्हती. तिच्यामुळे वडिलांना विश्वासू राहता येत होतं.

मला स्वतःला हे पुरतं कळलं ते नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात. तेव्हा मी एका धर्मादाय हॉस्पिटलात होते. नाव आणि गाव लिहीत नाही. पगार आधी उशिरा व्हायला लागले, मग अर्धे, मग थांबले. आजूबाजूला खासगी मल्टीस्पेशालिटी हॉस्पिटलं उभी राहिली, परदेशी मदत आटली, विश्वस्तांत भांडणं, कोर्टकचेऱ्या. धर्मादाय संस्थांत जे होतं ते सगळं झालं. तरण्या नर्सेस आखातात गेल्या, आयर्लंडला गेल्या, आणि बरोबर केलं. आम्ही पन्नाशीच्या बायका मागे राहिलो. कुणाचं मूल इंजिनिअरिंगला, कुणाच्या नवऱ्याचं डायलिसिस. एका मिटिंगमध्ये बाहेरून आलेल्या एका वक्त्यांनी आम्हाला हबक्कूकवर छान प्रवचन दिलं. पीक बुडालं, गोठे रिकामे झाले, तरी देवाच्या ठायी आनंद मानणारा संदेष्टा. प्रवचन खरंच छान होतं. ते संपल्यावर वक्ते एसी गाडीत बसून गेले आणि आम्ही ड्यूटीवर.

त्या काळात माझा विश्वास कशावर टिकला? गावातल्या किराणा दुकानदाराच्या वहीवर. ते जैन. मी ख्रिस्ती, पगार कधी होईल याचा पत्ता नाही, हे त्यांना सगळं माहीत होतं. सांगली भागात कुठल्या संस्थेचा पगार कधी थकला हे दुकानदाराला नोकराच्या आधी कळतं. त्यांनी एकदाही विचारलं नाही. मीच एकदा विषय काढला तर म्हणाले, “सिस्टर, माझी आई तुमच्याकडे होती त्या वेळी तुम्ही घड्याळ बघत होता का?” मला त्यांच्या आईचा चेहरा आठवेना. इतक्या आया येऊन गेल्या होत्या. थकबाकीचा काही भाग पुढे मिळाला, काही अजून कागदावर आहे. वही मात्र मी फेडली. त्यासाठी पाटल्या मोडाव्या लागल्या.

मंडळीत हे सांगितलं की लोक म्हणतात, प्रभूनेच त्या दुकानदाराला वापरलं. असेल. मी नाही म्हणत नाही. पण असं म्हणताना त्या माणसाचं स्वतःचं चांगुलपण आपण त्याच्या हातून काढून घेतो, ते मला पटत नाही.

एका गोष्टीवर मात्र माझा राग आजही गेलेला नाही. तंबू टाकून, लाऊडस्पीकर लावून रोगमुक्तीच्या सभा घेणारे काही जण गावोगाव फिरतात. सगळे सारखे नाहीत, हेही मी जाणते. पण त्यातला एखादा ‘गोळ्या बंद करा, विश्वास अपुरा पडतो’ असं सांगून जातो, आणि त्याचा खर्च आमच्या वॉर्डात येतो. साखर पाचशेच्या वर घेऊन, श्वास जोरात, तोंडाला फळासारखा वास, अर्धवट शुद्धीत आलेला रोगी मी पाहिलाय. बायको सांगते, इन्सुलिन सोडून आठवडा झाला, पास्टरांनी तेल लावलं होतं. त्या पास्टरांचा फोन लागत नाही. फिटवाल्या मुलाची गोळी सोडवलेली, टीबीचा कोर्स मधेच तोडलेला. टीबीचा कोर्स तोडला की जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि तो आजार घरभर जातो, हे नर्सिंगच्या विद्यार्थिनीलाही माहीत असतं. ज्या मातीत प्रार्थना करून सुरी उचलणारे डॉक्टर होऊन गेले, तिथे हे चालावं याची मला लाज वाटते. माझा नियम साधा होता: रोग्याने मागितल्याशिवाय त्याच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायची नाही, आणि मागितली तर आधी औषधाची वेळ झाली का ते बघायचं.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45. सांगलीची माणसं पिशवीत कागदपत्रं घेऊन मिरजेकडे येत होती आणि देवळं, मशिदी, चर्च, मंगल कार्यालयं, जिथे कोरडी फरशी होती तिथे पथाऱ्या पडल्या होत्या. त्या दिवसांत मला कुणी विश्वासाबद्दल विचारलं नाही. विचारलं ते क्लोरिनच्या गोळ्या, गॅस्ट्रो आणि लेप्टोच्या डोसबद्दल. काम भरपूर असलं की शंका थकून झोपी जातात, हा माझा अनुभव. तो इतरांना लागू पडेलच असं नाही.

कोविडमध्ये तसं झालं नाही. एप्रिल 2021 मध्ये माझे यजमान गेले. मी नर्स असूनही त्यांच्या खाटेपाशी मला जाता आलं नाही. दफनाला आम्ही मोजकीच माणसं होतो, पाळकसाहेब पीपीई किट घालून लांब उभे. रात्री मंडळीने मोबाइलवर प्रार्थना घेतली. बरीच लोकं होती, चांगलं बोलली असतील, मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतो तो शेजारच्या मराठे वहिनी रोज फाटकावर ठेवून जायच्या तो डबा. दोन पोळ्या, भाजी, आणि जेवणात मन नसेल म्हणून मुद्दाम केलेलं लिंबाचं गोड लोणचं.

आता पुढचं. आमच्या तरुण मुलांना भविष्याची धास्ती आहे आणि ती खोटी नाही. आमच्यातल्या पुष्कळांचे आजे-पणजे गावाबाहेरच्या वस्तीतून आले. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती कुटुंबांना ओबीसीत जागा आहे, पण शिष्यवृत्ती आणि जागांचा फरक पडतोच. त्यामुळे कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, अशी घरं आमच्याकडे आहेत. मंडळीत काही जण त्यांच्याकडे तुच्छतेने बघतात. मी नाही बघत. विश्वासाचा एवढा मोठा खर्च एका बारावी पास पोरीच्या माथी मारायचा आणि आपण पेन्शन घेऊन बाकावर बसायचं, हे मला जमत नाही.

त्यात 2025 चा जून आला. सांगलीत एका तरुण विवाहितेच्या मृत्यूनंतर धर्मांतरासाठी छळ झाल्याचे आरोप झाले, मोर्चे निघाले, आणि जाहीर सभेत पाद्र्यांना मारणाऱ्याला बक्षीस देण्याची भाषा झाली. पुढे मुंबईत आझाद मैदानावर ख्रिस्ती लोकांनी निषेध केला. त्या मुलीचं काय झालं ते पोलीस आणि कोर्ट बघतील, आणि बघायलाच हवं. जळीत वॉर्डात इतकी वर्षं काढलेल्या बाईला सासरच्या छळात कुठल्याच धर्माची बाजू घ्यावीशी वाटत नाही. पण त्या महिन्यात आमच्या घरप्रार्थनेत बायका विचारत होत्या, दारावरचा क्रूस काढायचा का, पेटी वाजवायची का नाही. एकीने खिडकी लावून घेतली. मी उठून उघडली. धैर्य वगैरे काही नव्हतं, आत उकडत होतं. मग म्हटलं, शेजारणीला विचारून या आपल्या गाण्याचा त्रास होतो का. ती मराठे वहिनींची सून. ती म्हणाली, त्रास नाही, फक्त पोराचा ऑनलाइन क्लास असतो तेव्हा नको. तेव्हापासून आम्ही प्रार्थनेची वेळ अर्धा तास पुढे ढकलली आहे.

उद्या काय होईल ते मला माहीत नाही. कायदे येतील, रुग्णालयं बंद पडतील, मंडळ्या लहान होतील, कदाचित यातलं काहीच होणार नाही. पण मंडळ्यांच्या कमिट्यांना आणि आमच्या संस्थांच्या विश्वस्तांना माझं एक सांगणं आहे. दरवर्षीच्या अहवालात तुम्ही लिहिता की हे वर्ष आपण विश्वासाने पार पाडलं. त्या ओळीखाली दुसरी एक ओळ घाला: या वर्षी किती पाळकांचा, शिक्षकांचा, नर्सेसचा आणि मावशींचा पगार किती महिने थकला, त्या काळात त्यांची घरं कुणी चालवली, आणि तो पैसा आपण कधी देणार आहोत. येत्या वार्षिक सभेपासून एवढं कराच.